चेअरमनची आई पार्किंगमध्ये

अंकुर सोसायटीची लिफ्ट शनिवारी सकाळी बंद पडली, तेव्हा रंगूबाई खाली होत्या आणि त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. गेटवर आलेल्या भाजीवाल्याची मेथी कशी जून आहे, हे त्याला नीट समजावून सांगायला त्या उतरल्या होत्या. ते काम उरकल्यावर लिफ्टच्या दारात उभं राहून त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि बटण दाबलं. दार अर्धं सरकलं, कण्हलं आणि थांबलं. रंगूबाईंच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना कायमचा मना केलेला. त्यामुळे त्या वॉचमन सहादूच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भारत्याला हाक मार. चेअरमन हाय ना तो, लय मोठा!"

भारत म्हणजे रंगूबाईंचा मुलगा. ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात त्याची नोकरी झाली. विमान पंखांमुळे उडतं असा आपला सगळ्यांचा समज असतो. भारतच्या मते ते सह्यांमुळे उडतं. "एक नट आवळला तरी तीन सह्या लागतात," तो सांगायचा, "आणि देशात बघा! अख्खा पूल बांधतात आणि सही कुणाची ते शेवटपर्यंत सापडत नाही." निवृत्तीनंतर त्यानं राज्यव्यवस्था मुळापासून सुधारण्याचा एक आराखडा लिहायला घेतला. कुठलाही निर्णय जनमताशिवाय नाही, निवडून दिलेला माणूस बिघडला तर त्याला परत बोलावण्याचा हक्क, आणि घराणेशाहीला मूठमाती. घरी चहाला येणाऱ्याला आराखड्याचं एक तरी प्रकरण ऐकावं लागे. हळूहळू लोक चहा बाहेरच पिऊ लागले.

देशानं आराखडा मागितला नाही, पण सोसायटीनं भारतला मागितलं. म्हणजे तसं मागितलंही नाही. तुमच्यापैकी जे सोसायटीत राहतात त्यांना सांगायला नको, की चेअरमन निवडण्याची आपली एकच अस्सल पद्धत आहे: वार्षिक सभेला जो गैरहजर, तो चेअरमन. हजर असलेले सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "आज कोण आलं नाहीये?" त्या दिवशी भारत कारखान्यातल्या जुन्या मित्रांपुढे 'लोकशाहीत नागरिकांचा सहभाग' या विषयावर भाषण करायला गेला होता.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. भारतनं महिन्याभरात सोसायटीला नवे नियम दिले. कुठल्याही कामाला जनमत. जनमतासाठी आठ दिवस आधी नोटीस. सभा गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली, म्हणजे काही झाकलेलं राहायला नको. सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत. चेअरमन बिघडला तर त्यालाही परत बोलावण्याचा हक्क. आणि कुठल्याही दुरुस्तीवाल्याला काम सांगायचं तर सभेचा ठराव आणि तीन सह्यांचं पत्र. लोकांनी हात वर केले, कारण खाली क्रिकेटची मॅच सुरू होणार होती.

तर आता भारत जिना उतरून आला आणि लिफ्टच्या अर्ध्या उघड्या दाराकडे पाहत राहिला. मागोमाग त्याची बायको मंजुषा आली.

"अहो, बघत काय बसलात? सनीला फोन लावा. लिफ्ट तोच बघतो ना?"

"सनी पत्राशिवाय हात लावणार नाही. मीच सांगून ठेवलंय त्याला."

"मग आता तुम्हीच सांगा की हात लाव म्हणून!"

"मंजुषा, माझी आई अडकली म्हणून मी नियम मोडला, तर उद्या लोक काय म्हणतील? घराणेशाही म्हणतील."

मंजुषानं त्याच्याकडे असं पाहिलं, की आराखड्याची पानं जागच्या जागी करपली असती.

"माझी खिचडी वर आणि मी खाली," रंगूबाई म्हणाल्या. "ही कुठली शाही म्हणायची रं?"

नियम न मोडता आईला वर न्यायचा एकच मार्ग होता. भारतनं प्लास्टिकची खुर्ची आणली, रंगूबाईंना बसवलं, आणि सहादूसह चौघांनी खुर्चीचे चार पाय खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलले. पहिल्या वळणावरच रंगूबाईंनी कठडा पकडला.

"ठेवा खाली! अजून जिती हाय मी! चौघं मिळून काय उचलता मेल्यांनो?"

सहादूला हसू आलं, त्याच्या हातातला पाय निसटला, खुर्ची कलली, आणि रंगूबाईंनी अशी काही आरोळी ठोकली की पहिल्या मजल्यावरच्या उज्वलाताई पोळीचं लाटणं घेऊन धावत आल्या. वरात परत पार्किंगमध्ये आली.

भारतनं त्याच दिवशी नोटीस लावली. विषय: लिफ्ट दुरुस्त करावी की करू नये. सहादूनं आपली खोली रंगूबाईंना दिली, शेजारी मोरी-संडास होतंच, आणि स्वतः गेटजवळ बाजेवर पथारी टाकली. मंजुषा सकाळ-संध्याकाळ चार मजले डबा घेऊन चढउतार करू लागली. प्रत्येक फेरीला ती नवऱ्याशी एक शब्द कमी बोलायची. बुधवारपर्यंत शब्द संपले.

आता गंमत बघा. ज्या जागेवर अंकुर सोसायटी उभी आहे, तिथं पूर्वी रंगूबाईंचं मेथी-कोथिंबिरीचं वावर होतं. बिल्डरनं जमीन घेतली आणि मोबदल्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट रंगूबाईंच्या नावावर करून दिला. तेव्हापासून त्या वर होत्या, आणि कुणाच्या फारशा नजरेला पडत नव्हत्या. आता येणारा-जाणारा त्यांच्या पुढ्यातूनच जाऊ लागला. जन्मभर बाजारात बसलेली बाई! समोरून माणूस गेला आणि बोलली नाही, असं व्हायचं नाही.

"का गं, तोंड का सुकलंय?"

"घंटागाडी निघून गेली, आजी. लिफ्ट नाही, कचरा घेऊन उतरेपर्यंत थांबतच नाही तो."

दुसऱ्या दिवशी रंगूबाईंनी घंटागाडीवाल्याला हाक मारून चहा दिला. चहा कडक आणि इतका गरम होता, की तो संपेपर्यंत सगळ्या मजल्यांचा कचरा खाली आला. मग दोन बिऱ्हाडांमध्ये स्कूटर लावण्यावरून जुनं भांडण होतं. भारतनं त्यावर उपसमिती नेमली होती. रंगूबाईंनी काठीनं रेघ ओढली. "इथवर माझा वाफा होता. हा पाण्याचा पाट. पाटात गाडी लावायची नाय. त्यानं वाफ्यात लावायची, तू बांधावर." दोघांनी निमूट गाड्या हलवल्या. गेटवरचा दिवा महिनाभर गेलेला होता आणि जनमताच्या रांगेत उभा होता. रंगूबाईंनी उज्वलाताईंकडून एक बल्ब मागून घेतला आणि सहादूला स्टुलावर चढवलं.

भारत संध्याकाळी आला तर गेट लखलखीत.

"हा कुणाच्या परवानगीनं लावला?"

"अंधार होता म्हणून लावला," रंगूबाई म्हणाल्या. "तुला नको आसंल तर डोळे मीट."

भारतला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. आई नळावर वाकून पाय धूत होती, आणि तिचा पलंग, तिचे देव, गॅलरीतल्या कुंड्यांमधली तिची मेथी, सगळं चार मजले वर होतं. त्याला मनापासून वाटत होतं की देशात सामान्य माणसाला कुणी ताटकळत ठेवू नये. आणि त्यानं पहिलं ताटकळत ठेवलं ते आईला. तो हळूच म्हणाला, "आई, रविवारी होऊन जाईल बघ."

रविवारी झालं नाही. लिफ्ट बंद, त्यामुळे सभेसाठी गच्चीपर्यंत चढायला कुणी तयार होईना. गच्चीवर भारत, मंजुषा आणि पाण्याच्या टाक्या एवढेच हजर होते. लिफ्ट दुरुस्त व्हायला सभा हवी, सभेला माणसं हवीत, आणि माणसांना वर यायला लिफ्ट हवी. भारतनं सभा खाली घ्यायचा विचार केला, पण जागा बदलायलाही जनमत लागत होतं. आपणच हा नियम इतका पक्का केला याचं त्याला महिन्यापूर्वी फार कौतुक वाटलं होतं.

त्यानं दुसरी नोटीस लावली. रंगूबाईंनी ती सहादूकडून वाचून घेतली. मग म्हणाल्या, "माझी मेथी वाळली आसंल आता."

हे उज्वलाताईंनी ऐकलं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या उज्वलाताईंना लिफ्टचं काही सोयरसुतक नव्हतं, पण त्या रात्री त्या घरोघर फिरल्या. पुढच्या रविवारी गच्ची भरली. लोक धापा टाकत आले, कठड्याला टेकले, एकमेकांना पाणी देऊ लागले. भारतचा चेहरा फुलला.

"हाच तो नागरिकांचा सहभाग!" तो म्हणाला. "तर विषय पहिला, लिफ्ट..."

"थांबा, भारतभाऊ," उज्वलाताई म्हणाल्या. "त्याआधी एक विषय आहे. तुमच्याच नियमातला. परत बोलावण्याचा."

"कुणाला?"

"तुम्हाला."

भारत दचकला. मग सावरला. नियम म्हणजे नियम. "ठीक आहे," तो म्हणाला, "ज्यांना चेअरमनला परत बोलवायचंय, त्यांनी हात वर करावा."

सगळ्यात आधी जो हात वर गेला, त्यात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या मंजुषाच्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ! मागोमाग सगळी गच्ची वर झाली.

"नवा चेअरमन कोण?" भारतनं विचारलं. आवाज पडला होता, पण काम तो व्यवस्थित करत होता.

झालं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. कुणी टाकीवरचा कावळा पाहिला. शेवटी जुन्या वळणानं एकजण म्हणाला, "आज कोण आलं नाहीये?"

मंजुषा म्हणाली, "फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. खऱ्या सभासद त्याच. आणि त्या आलेल्या नाहीत."

"येणार कशा? लिफ्ट बंद आहे!" भारत म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. गैरहजर."

"अहो, पण मुलानंतर आई, ही घराणेशाही झाली!"

"घराणेशाहीत आईनंतर मुलगा येतो," उज्वलाताई म्हणाल्या. "हे उलटं आहे. ही सुधारणा झाली."

सगळी सभा जिना उतरून पार्किंगमध्ये आली. रंगूबाई लसूण सोलत होत्या. बातमी ऐकून त्यांनी पदराला हात पुसले आणि सहादूला म्हणाल्या, "लाव त्या सनीला फोन. म्हणावं, म्हातारी बोलवती, आत्ता ये."

सनी आला. पत्र मागायला त्यानं तोंड उघडलं, रंगूबाईंच्या हातातली काठी बघितली आणि मिटलं. दाराखालच्या खाचेत त्यानं पेचकस घातला, जरा खरवडलं आणि एक बारीक तुकडा बाहेर काढला. दार सरसर बंद झालं, सरसर उघडलं.

"एवढंच होतं?" भारत ओरडला. "काय आहे ते?"

"सुपारीचं खांड दिसतंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रंगूबाईंनी शांतपणे सनीच्या तळहातावरून खांड उचललं, कमरेच्या चंचीत टाकलं आणि म्हणाल्या, "लोक बी ना, कुठं बी काय बी टाकतात."

लिफ्टमध्ये पाय ठेवण्यापूर्वी त्या वळल्या. "भारत्या, तू सेक्रेटरी. लिहायची लय हौस हाय ना तुला? मग लिही. तुझे समदे नियम खोड आन् एकच ठेव. लिफ्ट बंद पडली, की चालू होईस्तवर सेक्रेटरीनं खाली ऱ्हायचं. सहादूच्या खोलीत."

हात मोजायची गरजच पडली नाही.

रंगूबाई वर गेल्या, देवांना दिवा लावला, कुंड्यांना पाणी घातलं आणि आपल्या पलंगावर आडव्या झाल्या. सुमारे महिन्याभरानं भारत संध्याकाळी दही आणायला खाली उतरला. परत आला तर लिफ्टचं दार अर्धं सरकलं, कण्हलं आणि थांबलं. सहादूनं खोलीचं कुलूप काढलं.

भारतनं घाईघाईनं फोन लावला. "सनी? अरे, लिफ्ट बंद पडली!"

"येतो की साहेब. पत्रावर तीन सह्या झाल्या का?" सनीनं हसू दाबत विचारलं.

"मरू दे सह्या! तू आधी ये!"

आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असावा. गॅलरीतून रंगूबाई वाकल्या, खाली पाहिलं आणि आत वळून मंजुषाला काहीतरी म्हणाल्या. दोन मिनिटांत वरून एक गोधडी भारतच्या पायाशी येऊन पडली, आणि पाठोपाठ हाक आली:

"उशी बी टाकू का रं? का तिला जनमत घ्यायचं?"