माहेरी राहिलेलं नाव

सगुणा हे नाव मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता खडकवळ नगरपरिषदेत आलं आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहिलं. त्याच्यापुढे तिघं होती, त्यामुळे माझ्यासमोर यायला त्याला अकरा वाजले.

नावं सहसा दिसत नाहीत. पण सगुणा या शब्दाचा अर्थच मुळी गुणांसकट, रूपासकट असा आहे, त्यामुळे हे दिसत होतं. उंची साधारण दोन फूट. अक्षर जुन्या वळणाचं, विशेषतः ण. ग खालचा उकार झिजलेला. रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्याला पुढे सरकायला सांगितलं, एवढीच काय ती त्याची दखल.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"मला माझी बाई शोधायची आहे," नाव म्हणालं. "बासष्ट वर्षं झाली."

नाव खरं तर नपुंसकलिंगी, पण ते बोलताना स्वतःला स्त्रीलिंगी धरायचं. मी हरकत घेतली नाही. आत बोलावून बाकावर बसवलं आणि माहिती लिहून घेतली.

आमच्या भागात मुलीचं नाव लग्नात बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि मुलगी ते घेऊन सासरी जायची. जुनं नाव माहेरी राहायचं. हे नाव तांबट आळीतल्या रामभाऊ तांबटांच्या घरी पोटमाळ्यावर, एका घंगाळात राहिलं होतं. रामभाऊ गेले, त्यांची बायको गेली, आणि आता गेल्या महिन्यात थोरला मुलगा विठ्ठलही गेला. नातवाने घर विकलं. शुक्रवारी ते पाडणार होते.

"ती माहेरपणाला येत नव्हती?" मी विचारलं.

"यायची की. दर दिवाळीला. पण तेव्हा ती कुमुदिनी होती. मी मध्ये पडले असते तर बरं दिसलं नसतं."

मी एकोणीसशे पंचेचाळीसचं रजिस्टर काढलं. नोंद सापडली: सगुणा रामचंद्र तांबट, स्त्री, ३ ऑगस्ट. कपाट उघडं होतंच, म्हणून आधीची-नंतरची रजिस्टरंही चाळली. त्या दशकात खडकवळमध्ये सदतीस सगुणा जन्मल्या होत्या. एका श्रावणात तर एकाच गल्लीत तीन. पुढच्या दहा वर्षांत चौदा, त्यापुढे दोन, आणि एकोणीसशे सहासष्टनंतर एकही नाही. त्यांतल्या बऱ्याच जणींची नावं लग्नात बदलली, आणि माहेरी राहिलेली पुढे विरून गेली. ज्यांची राहिली त्या वारल्या, आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. शहरात शिल्लक असलेलं हे शेवटचं.

"विनाधारक नावाला आम्ही तीन दिवस देतो," मी नियम सांगितला. "गुरुवारी कार्यालय बंद होईपर्यंत धारक मिळाला नाही, तर अभिलेख कक्षात जमा. तिथलं नाव मग कुणाच्या तोंडी येत नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच. जिभेवर आलं तरी पुढे सरत नाही."

तेवढ्यात प्राजक्ता साबळे आपल्या दहा दिवसांच्या मुलीचा दाखला विचारायला खिडकीशी आली. मुलीच्या नावाचा रकाना कोरा होता. सासर-माहेरच्या मंडळींनी साठ नावं सुचवली होती आणि त्यातलं एकही दोन्ही घरांना पटलं नव्हतं. तिचं लक्ष बाकाकडे गेलं.

"हे मोकळं आहे का, मॅडम?"

मी अर्थ सांगितला. सदतीस जणींचा इतिहास सांगितला. सांगता सांगता माझाच आवाज चढत गेला. सोळा वर्षं मी या खिडकीत बसते, पण कुणी नावाचा इतिहास विचारला नव्हता. प्राजक्ताने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. "अहो, सापडलं. नाही, मोबाइलवर नाही, बाकावर."

बातमी पसरायला दुपारही लागली नाही. बुधवारी सकाळी दार उघडलं तेव्हा व्हरांड्यात अकरा जोडपी होती. त्यांतल्या दोन जोडप्यांची मुलं अजून जन्मायची होती आणि एका जोडप्याचं लग्न ठरायचं होतं, पण त्यांना आत्तापासून अर्ज देऊन ठेवायचा होता. कुणी म्हणे, जुनी नावं परत चालायला लागली आहेत. कुणी म्हणे, आमच्या पणजीचं हेच होतं. बाकाभोवती गर्दी झाली. नाव उकारावर ताठ उभं राहून प्रत्येकाला उत्तर देत होतं. काल मलूल दिसलेला त्याचा ण आज चकाकत होता.

"बासष्ट वर्षांत मला कुणी मागितलं नव्हतं," ते मला हळूच म्हणालं. "मॅडम, पोर गोड आहे हो. प्राजक्ताची."

"गोड आहे. पण पहिला हक्क मूळ धारकाचा. त्यांची लेखी नाहरकत लागेल."

पत्ता विवाह नोंदीतून मिळाला. सगुणा तांबट, विवाहोत्तर कुमुदिनी पुरुषोत्तम करडे, राहणार शिक्षक कॉलनी. म्हणजे आमच्या कार्यालयापासून रिक्षाने बारा मिनिटांवर. बासष्ट वर्षं दोघी एकाच गावात होत्या.

संध्याकाळी आम्ही गेलो. दार पुरुषोत्तमरावांनी उघडलं. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी नावाकडे पाहिलं, मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, कोणी तरी आलंय."

कुमुदिनीबाई सुपात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. हातातली काडी तशीच राहिली.

"तू होय," त्या म्हणाल्या. "तुझा उकार असा कशाने झाला?"

"घंगाळ ओलं असायचं," नाव म्हणालं.

मी कामाचं बोलले. नाहरकतीचा कागद पुढे केला, साबळ्यांच्या मुलीबद्दल सांगितलं. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"देऊन टाका त्या पोरीला," त्या म्हणाल्या. "माझं आता किती राहिलंय. आणि मला त्या नावाने हाक मारणारं तरी कोण आहे? आई गेली, आबा गेले, दादा गेला."

"सध्याच्या नावाने कोण हाक मारतं?" मी विचारलं. फॉर्ममध्ये तसा रकानाच होता.

त्या विचार करू लागल्या. सासूबाई सूनबाई म्हणायच्या. दीर वहिनी म्हणायचे. मुलं आई, शेजारी करडेबाई. पुरुषोत्तमराव खिडकीबाहेर बघत होते.

"आणि आपण?" मी त्यांना विचारलं.

"मी अगं म्हणतो," ते म्हणाले. "कुमुदिनी हे माझ्या आत्याने सुचवलेलं. तांदळात मी लिहिलं. नंतर लग्नात उखाण्यात एकदा घेतलं. त्यानंतर प्रसंग आला नाही."

मी लिहिलं: वापर, एकदा.

बाईंनी पेन हातात घेतलं. सही करण्याआधी त्यांनी नावाला विचारलं, "दादा कसा गेला, तू होतीस ना तिथे? मला सकाळी कळवलं त्यांनी. झोपेत गेला म्हणाले."

"झोपेत नाही. आधी दोन दिवस हाका मारत होते. मला वाटलं सूनबाईंना बोलावतील, नर्सला बोलावतील. पण ते सगुणा, सगुणा म्हणत होते. घरात कुणाला कळेना ही सगुणा कोण. नातवाने तर गूगलवर शोधलं."

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? मी नुसतं नाव आहे. ओ तू द्यायचीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मेथीची जुडी उचलून ती पुन्हा निवडायला घेतली, आणि निवडून झालेली पानं कचऱ्यात टाकत राहिल्या. पुरुषोत्तमराव उठून त्यांच्याजवळ गेले आणि सूप त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"उद्या येऊ आम्ही," ते मला म्हणाले. "कितीपर्यंत असतं?"

"पावणेसहा. पण एक अट आहे. जुनं नाव परत घ्यायचं असेल तर कुणी तरी त्या नावाने हाक मारायला हवी आणि धारकाने ओ द्यायला हवी. माझ्या समक्ष."

त्या रात्री नाव परत आमच्या कार्यालयात येऊन बाकावर झोपलं.

गुरुवारी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. प्राजक्ता मुलीला दुपट्यात गुंडाळून सर्वांत पुढे बसली होती. साडेपाच वाजले. पाच चाळीसला रिक्षा थांबली आणि करडे जोडपं उतरलं. बाईंनी हिरवी इरकल नेसली होती. गर्दीने वाट दिली. लोकांना वाटलं, नाहरकत द्यायला आल्या आहेत, आणि दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या.

"मला माझं नाव परत हवंय," बाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. मी नियमाप्रमाणे बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पुरुषोत्तमरावांना दहा पावलं मागे नेलं. नाव दोघांच्या मध्ये थांबलं.

"मारा हाक," मी म्हणाले.

पुरुषोत्तमरावांनी घसा साफ केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, चाळीस वर्षं वर्गात पोरांवर ओरडलेले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अगं," ते म्हणाले.

"हे चालणार नाही," मी म्हणाले.

"सगुणाबाई."

बाई वळल्या नाहीत. "माहेरी मला कुणी बाई म्हणत नव्हतं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. घड्याळात पावणेसहाला दोन मिनिटं होती. व्हरांड्यात कुणी हलत नव्हतं. प्राजक्ता मुलीला थोपटायची थांबली होती आणि तिचे ओठ हाक मारल्यासारखे हलत होते. मी स्वतः शिक्का हातात घट्ट धरून उभी होते. म्हातारबुवांनी डोळे मिटले.

"सगुणे," त्यांनी हाक मारली. अशी की बाहेर रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

"ओ," बाई म्हणाल्या.

नाव दिसेनासं झालं. ते जागेवर गेलं की दिसत नाही, हे मला माहीत होतं. मी शिक्का मारला. व्हरांड्यात असा कल्लोळ झाला की लेखा विभागातून माणसं बाहेर आली. ज्या अकरा जोडप्यांचं नाव हुकलं होतं तीच जास्त आनंदात होती. प्राजक्ता रडत होती आणि हसतही होती.

"मग आमच्या पिल्लूचं काय?" तिने डोळे पुसत विचारलं.

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी तिला जवळ बसवलं. "मी हे अजून बरीच वर्षं वापरणार आहे," त्या म्हणाल्या. "तुला तोवर थांबवत नाही. माझं दुसरं रिकामं झालंय, ते बघ हवं तर. अर्थ छान आहे. पांढऱ्या कमळांचं तळं. चांदण्यात फुलतात ती. आणि हाक अशी कुणी मारलेलीच नाही. सगळं शाबूत आहे."

प्राजक्ताने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनी दोनदा म्हणून बघितलं, एकदा पूर्ण आणि एकदा नुसतं कुमुद. मुलगी दुसऱ्या वेळी जागी झाली. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि नावाचा रकाना भरला. कुमुदिनी दिसत नव्हतं, त्यामुळे ते कधी आलं आणि कधी गेलं हे कुणाला समजलं नाही.

कार्यालयाला कुलूप लावून मी फाटकाशी आले. करडे जोडपं रिक्षाची वाट बघत होतं. बाई एक पाऊल पुढे, पुरुषोत्तमराव मागे.

"सगुणे," ते म्हणाले.

"ओ. काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "रिक्षा येईपर्यंत म्हणून बघत होतो."