श्यामकांतांनी धरलेली भिंत

माणूस डोक्याने नव्हे, पायांनी म्हातारा होतो, असं श्यामकांत कर्णिक ज्याला त्याला ऐकवत. ऐकणारा पळायला लागला तरी ऐकवत! सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ साठी उलटल्यावरही दर रविवारी मित्रांबरोबर बोरिवलीहून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत जाई, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारची वाट बघत बसे.

पण गेल्या महिन्यात लेण्यांच्या पायऱ्यांवरच पोटरीत असा गोळा आला, की दोघांनी धरून त्यांना खाली आणलं. पत्नी वसुधाबाईंनी तेल चोळता चोळता निकाल दिला, "आता पुन्हा गोळा आला की कान्हेरी बंद! बसायचं गॅलरीत पेपर वाचत."

गॅलरीत पेपर! श्यामकांतांच्या अंगावर काटा आला. ते गुपचूप डॉक्टरांकडे गेले. पाणी भरपूर प्या, डॉक्टर म्हणाले, आणि चालण्याआधी पोटऱ्या ताणा. दोन्ही हात भिंतीवर, एक पाय मागे, टाच जमिनीला, आणि रेटा भिंत. घरात रेटली तर वसुधाबाई विचारणार. म्हणून शनिवारी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने ते बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेले आणि लागले रेटायला.

तेवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली. प्रेमाबाईंनी बघितलं, तर ओव्हरसियर दातओठ खात, घामाने निथळत भिंतीला भिडलेले!

"ओ कर्णिकसायब! काय झाला ओ भिंतीक?"

"काही नाही, काही नाही! कुणाला बोलू नका हं!"

"वयनीक तरी सांगूक होया..."

"तिला तर मुळीच नको! घाबरेल ती!"

ओव्हरसियर भिंत धरून उभा आहे आणि बायकोलासुद्धा सांगू नका म्हणतो! प्रेमाबाईंच्या घरात नुकतीच बाळंत झालेली सून. त्यांनी फक्त शेजारणीला सांगितलं, तेही कुणाला न सांगण्याच्या अटीवर. लगेच सोसायटीचा सेक्रेटरी नंदकिशोर अर्धी दाढी केलेल्या तोंडाने धावत आला.

"काका, किती वेळ आहे?"

"अर्धं मिनिट!" श्यामकांत मान न वळवता म्हणाले. डॉक्टरांनी एका वेळी तेवढंच सांगितलं होतं.

अर्धं मिनिट! नंदकिशोर "खाली या रे सगळे! बिल्डिंग चालली!" असा टाहो फोडत जिन्याकडे सुटला.

आकडे मोजण्याच्या नादात दोन्ही पाय दहा-दहा वेळा ताणून श्यामकांत खुशीत पुढच्या बाजूला आले आणि बघतात तो काय, अख्खी बिल्डिंग कंपाउंडात! गाद्या, गॅसच्या टाक्या, देव्हारे, कुणाच्या डोक्यावर टीव्ही. आग लागली की काय, म्हणून ते बायकोला शोधत धावले. त्यांना बघताच नंदकिशोर किंचाळला, "काका! भिंत सोडून आलात?"

जमाव एका दमात फाटकापर्यंत मागे सरला. त्यातून वसुधाबाई मात्र पुढे आल्या. पदरात बाळकृष्ण, डोळ्यांत पाणी. "कुठे होतात हो तुम्ही? तीनदा वर जाऊन शोधून आले मी!"

आता कुठे श्यामकांतांना सगळा प्रकार उमगला.

"भिंत ठणठणीत आहे! जा वर सगळे!"

"मग धरली कशाला होती?"

झाली ना पंचाईत! खरं सांगावं तर कान्हेरी हातची जाणार. न सांगावं, तर समोर प्रेमाबाईंची सून तान्ह्या बाळावर पदर धरून उन्हात बसलेली. श्यामकांत डोळे मिटून ओरडले, "पोटरीत गोळा येतो मला! म्हणून रेटत होतो!"

कुणाचाही विश्वास बसला नाही.

"आम्ही घाबरू नये म्हणून सांगतायत," नंदकिशोर म्हणाला. "खरं असेल तर दाखवा गोळा!"

श्यामकांतांनी पाय झटकले, मग ते चवड्यांवर उभे राहिले, उकिडवे बसले. लेण्यांवर दगा देणारी पोटरी आज लोण्यासारखी मऊ! शेवटी वसुधाबाईच म्हणाल्या, "येतो हो यांना गोळा. मीच तेल चोळते." तेव्हा कुठे लोक पुटपुटत वर गेले.

घरी आल्यावर श्यामकांत मान खाली घालून शिक्षेची वाट बघू लागले.

"मला काय तुम्हाला गॅलरीत बसवायची हौस आहे?" वसुधाबाई म्हणाल्या. "जा उद्या. पण ते काय रेटायचंय ते माझ्यासमोर, घरात रेटा. चोरून नाही."

श्यामकांतांना गगन ठेंगणं झालं. रविवारी सकाळी ते कॅनव्हासचे बूट घालून तयार. मित्र नाक्यावर थांबलेले. बायको बघतेय म्हटल्यावर अंगात दुप्पट जोर! स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या भिंतीवर त्यांनी हात ठेवले आणि मनापासून रेटलं. ती भिंत नव्हतीच. ते फळ्यांचं पार्टिशन होतं, आणि आयुष्यभर भिंती तपासलेल्या माणसाला ते त्या घाईत आठवलं नाही. पलीकडून पार्टिशनला टेकलेली भांड्यांची मांडणी धाडकन कोसळली. पातेली, परात, हंडा, डबे!

आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग जिन्यातून नंदकिशोरचा आवाज आला.

"पळा! कर्णिकांची भिंत गेली!"

मित्रमंडळी लेण्यांच्या पायऱ्या चढत होती, तेव्हा श्यामकांत बिल्डिंगचा जिना चढत होते, डोक्यावर नंदकिशोरची गादी घेऊन. मग दुसऱ्याची गादी, तिसऱ्याचा टीव्ही. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांचं सामान त्यांनी एकट्याने जागेवर नेऊन ठेवलं, आणि गोळा एकदाही आला नाही.