अकोल्यात चहा न घेणारे नथ्थूजी

ज्या चहात पत्ती, दूध आणि साखर यांखेरीज काही नाही, त्याला नथ्थूजी 'नागडा चहा' म्हणत. हे त्यांनी खासगीत म्हटलं असतं तर चाललं असतं. पण ज्याच्याकडे चहाला बसत, त्याच्याच ओट्यावर, त्याची बायको आतून ऐकत असताना ते म्हणत, "काहून बाप्पा, असा नागडा पाठवला चहा? आंगावर कायी तं घालाव त्याच्या!"

मी अमरावतीत शाळामास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. राज्य इंग्रजांचं होतं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि चहा अजून घरोघरी रुजला नव्हता. म्हातारी माणसं त्याला तंबाखूच्या पंक्तीत बसवत. नथ्थूजी जातीने माळी. नागपुरी गेटच्या बाहेर त्यांचा मळा होता. विहीर, मोट, वांग्यांचे वाफे, एका अंगाला गुलाब-मोगरा, कुंपणाला लागून संत्र्याची झाडं. मळ्याच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्याने दिल्या होत्या. रोज संध्याकाळी त्यांच्या हातचा चहा प्यावा लागेल, ही अट मात्र आधी सांगितली नव्हती.

या नादाची सुरुवात बाजारात झाली होती. एका चहाकंपनीची गाडी ढोलकं वाजवत आली आणि लोकांना फुकट कप वाटू लागली. नथ्थूजी फुलांची पाटी खाली ठेवून एक कप प्यायले आणि वाटणाऱ्याला म्हणाले, "चांगला हाये. पन याले वास कोनाचा?" तो म्हणाला, चहाला चहाचाच वास. हे काही नथ्थूजींना पटलं नाही. जन्मभर फुलं विकलेला माणूस तो. घरी येऊन त्यांनी पहिल्याच आधणात पाच-सहा गुलाब टाकले, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

मी त्यांचे किती प्रकारचे चहा प्यायलो याचा हिशेब नाही, पण काही अजून जिभेवर आहेत. संत्र्याची वाळवलेली साल घातलेला चहा पहिल्या घोटाला कडू लागायचा. कप ठेवावा असं वाटेपर्यंत मागून गोडसर सुगंध यायचा आणि कप रिकामा व्हायचा. गवती चहा आणि अद्रक घातलेला चहा पावसाळ्यात छातीपर्यंत ऊब नेत असे. तो मला शहाणा, संसारी चहा वाटे. ओव्याचा चहा प्यायलो की पोट दुखत नसतानाही बरं वाटायचं. आंब्याच्या मोहराचा चहा त्यांनी एकदाच केला. त्यात दोन मुंग्याही होत्या. नथ्थूजी म्हणाले, "मोहराच्या संगं येतातच त्या. पाव्हन्याले घरातून काढाव का?"

सर्वांत कठीण गेला तो सांबाराचा चहा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या साली सांबार इतका पिकला की बाजारात कोणी फुकट घेईना, म्हणून तो चहात आला. तो पिताना मला सारखं वाटत होतं की उजव्या हातात भाकर पाहिजे. मी तोंड वाकडं केलं तसे नथ्थूजी बोट वर करून म्हणाले, "घोट घ्या, मंग बोला!"

हे त्यांचं पालुपद. कोणी नाही म्हणू लागला, नाक मुरडू लागला, की 'घोट घ्या, मंग बोला'. पुष्कळदा घोट घेतल्यावर माणसाला बोलता येत नसे, ते सोडा.

माणसाचा धंदा बघून चहा ठरवायचा, असंही त्यांचं एक शास्त्र होतं. मला बडीशेप. "तुमचं तोंड दिवसभर चालते मास्तर, गळ्याले थंडावा पायजे." शेजारच्या वकिलांना दालचिनी, कारण "खोटं बोलून जीभ गोड झाली असन, तिले जरासं पोळू द्या." वकील हे ऐकूनही येत असत, यावरून चहा बरा होता हे कळेल.

बायको काशीबाई मात्र कावलेली असायची. "भाजीले अद्रकाचा तुकडा भेटत नाई घरात," ती मला ऐकवायची, "सारं ह्यायच्या चहात जाते. उद्या मलेच टाकतीन आधनात." नथ्थूजी गंभीरपणे म्हणत, "तिखट होईन."

एकदा शाळातपासनीस माझ्या बिऱ्हाडी आले. माझी बायको माहेरी, अकोटला गेली होती. मी नथ्थूजींना हात जोडून म्हटलं, "आज साधा चहा द्या. नागडा दिला तरी चालेल." ते हो म्हणाले आणि मोगऱ्याचा पाठवला. साहेबांनी घोट घेतला, थबकले, आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "घरात काही मंगलकार्य आहे का?" मी घाबरून नाही म्हटलं. मग त्यांनी बशी पुढे केली आणि म्हणाले, "उरला असेल तर थोडा घाला."

असा हा माणूस. त्याला चहा नको म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्याला.

नथ्थूजींची एकुलती एक लेक मंजुळा अकोल्याला दिली होती. मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहरात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात. मला अकोल्यात शाळेचं काम निघालं, नथ्थूजींना लेकीला भेटायचं होतं, म्हणून बरोबर निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूरच्या फलाटावर त्यांनी चहा घेतला आणि विक्रेत्याला विचारलं, "हे पानी इंजिनातून काढलं का रे?" एकंदरीत प्रवास चांगला झाला.

मंजुळाने मला ओसरीत पाट दिला आणि चहा आणला. बापाच्या पुढे काही ठेवलं नाही. पाणीसुद्धा नाही. नथ्थूजींनी आपला तांब्या घरून भरून आणला होता, त्यातलंच ते प्यायले आणि माझ्या कपाकडे बघत बसले. तो चहा मी विसरणार नाही. साल नव्हे, संत्र्याचं कोवळं पान चुरडून घातलेलं होतं, बरोबर चिमूटभर सुंठ. वास आधी यायचा, चव सावकाश, आणि कप संपल्यावर तोंडात झाडाखाली बसल्यासारखं काही तरी राहायचं. नथ्थूजींच्या सगळ्या चहांपेक्षा तो चांगला होता.

बाहेर पडून वळणाला लागलो तोच नथ्थूजींनी माझा हात धरला. "कसा होता?"

"चांगला होता."

"चांगला म्हंजे काय? नीट सांगा ना. पान टाकलं होतं ना तिनं? वासानं समजलं मले. कडू तं नाई झाला? सुंठ आधी लागली का मागून?"

स्टेशनापर्यंत मी घोटाघोटाचं वर्णन करत होतो. मुलांना निबंध शिकवताना इतका घाम फुटला नव्हता. शेवटी मी म्हटलं, "तुम्हीच का घेतला नाही?"

ते म्हणाले, "लेकीच्या घरचं कसं घेऊ?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेकांना ती जड जात नाही. वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, आजोबा बारशाला जेवतो, रीत संपते. मंजुळाचा पाळणा हलला नव्हता. चहा करायला ती बापाकडूनच शिकलेली, पण लग्न झाल्यापासून बापाने तिच्या हातचा घोट घेतला नव्हता.

त्यानंतर काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात अकोल्याहून निरोप आला की येऊन बोलून जा. नथ्थूजी माझ्या दारात आले. "मास्तर, संगं चला. मले बोलता येत नाई."

नथ्थूजींना बोलता येत नाही हे ऐकून मी मुकाट्याने टोपी घातली.

अकोल्याच्या ओसरीत मंजुळाची सासू बसली होती. बाई कष्टाळू, बोलायला सरळ. जावई केशव खांबाला टेकून खाली बघत होता. सासूने आडपडदा ठेवला नाही.

"व्याहीबुवा, पोरगी तुमची सोन्यासारखी हाये. तिले कोनी काढून नाई राहिलं. ती राहीन इथंच, मोठी म्हून. पन घराले वारस पायजे. केशवचं दुसरं लगन कराव म्हंतो आमी. तुमी नाराज होऊ नोका."

नथ्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला, पण शाळेतलं काहीच तिथे उपयोगाचं नव्हतं. तेवढ्यात मंजुळा चहा घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर होतं. सासूला कप दिला, मला दिला, नवऱ्यापुढे ठेवला आणि रिकामं ताट घेऊन वळली.

"मंजू," नथ्थूजी म्हणाले, "माहा कप?"

ती तशीच उभी राहिली. "बाबा, तुमी तं..."

"माहा कप कुठी हाये?"

सासू चपापली. "व्याहीबुवा, असं कसं? नातवाचं तोंड पायल्यावर घ्याव बापानं. रीत हाये."

"मालूम हाये मले." नथ्थूजींचा आवाज लहान झाला होता. "मूल झालं म्हंजे घर लेकीचं झालं, मंग बापानं खाव. बरं. ईनबाई, मागच्या साली तुमी पडल्या तं तुमाले उचलून अंगनात कोन नेत होतं? हे ओसरी कोन सारवते? हे घर तिचं नसन, तं तिले आजच घेऊन जातो मी. अन् असन, तं मले चहा पाजा."

सासू कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग तिने मान न उचलता सांगितलं, "दे वं त्याह्यले. कढत दे."

मंजुळा आत गेली. बराच वेळ आतून भांड्याचा आवाजच आला नाही, मग आला. ती कपबशी घेऊन आली तेव्हा अर्धा चहा बशीत सांडलेला होता. नथ्थूजींनी दोन्ही हातांनी बशी धरली आणि आधी ती प्यायली. मग कप. कोणाकडे बघितलं नाही, चवीबद्दल एक अक्षर काढलं नाही. जगातल्या प्रत्येक चहाला नाव ठेवणारा माणूस शाळेतल्या पोरासारखा गुमान पीत होता.

केशव उठला, आपला कप उचलून सासऱ्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. "माय," तो म्हणाला, "ते दुसऱ्या लगनाचं आता काढू नोको. मी आधीच सांगाले पायजे होतं." सासू उठून आत गेली. रागाने गेली की कशाने, मला कळलं नाही. पण तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मूल काही झालं नाही. पुढे केशवने चुलतभावाच्या एका मुलाला घरी आणलं आणि दोघा नवराबायकोंनी त्याला वाढवलं.

स्टेशनाकडे येताना मी वाट बघत होतो की आता नथ्थूजी चहावर बोलतील. ते रस्त्यालगतच्या एका ओट्यावर एकदम बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागले. लोक बघू लागले. मी त्यांचा तांब्या धरून उभा राहिलो.

"मास्तर," ते म्हणाले, "इतके वर्स ती सगळ्याह्यले कप देऊन रिकामं ताट घेऊन जाये माह्यासमोरून. तिले काय वाटत असन? मी पहिल्याच वर्षी काहून नाई मांगितला?"



अमरावतीला आल्यावर त्यांनी काशीबाईला सगळं सांगितलं. मीही तिथेच होतो. ती मेथी निवडत होती, तशीच निवडत राहिली. नवरा प्यायला, लेकीच्या घरचं प्यायला, हे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग पदर झटकून उठली आणि खुंटीवरचं लुगडं काढून गाठोडं बांधू लागली.

"कुठी निंगाली?" नथ्थूजींनी विचारलं.

"अकोल्याले."

"आत्ता? आपून संगं जाऊ ना अमावशेनंतर. तुले बी पाजन ती चहा."

"तुमी ऱ्हावा घरी," काशीबाई म्हणाली. "एका कपानं माहं भागत नाई. मी चार दिस राहीन लेकीच्या घरी, अन् दोन्ही वखत पोटभर जेवीन."