सांभाळायला दिलेलं झाड

आमच्या घरमालकांच्या गच्चीवर लातूरची दीपाली उन्हात उभी असते, अकोल्याच्या प्रणवला मावा लागलाय आणि साताऱ्याचे कुलकर्णी नवरा-बायको एकाच कुंडीत दाटीवाटीनं राहतात. ही सगळी झाडं आहेत. खोली सोडताना भाडेकरूंनी मागे टाकलेली. पुण्याजवळच्या आमच्या मारुंजीत आयटीवाल्यांना खोल्या देणारे पुष्कळ आहेत, पण टाकलेल्या कुंडीला टाकणाऱ्याचं नाव देऊन ती पोसणारे किसनअण्णा एकच.

ही सगळी माया असेल असं मला आधी वाटलं. छे! हा पुरावा आहे. नवा भाडेकरू आला की अण्णा त्याला वर नेतात आणि एकेका आरोपीसमोर उभं करतात.

"ह्यो प्रणव. माझ्या घरात ऱ्हायला, माझ्या हिरीचं पाणी प्याला, आन् जाताना जास्वंद टाकून गेला. जातो म्हणून सांगितलं बी न्हाई. ह्याला काय रीत म्हणत्यात का?"

अण्णांचा दिवस याच प्रश्नावर चालतो. पोरं रात्री काम करतात आणि दिवसा झोपतात, ह्याला काय रीत म्हणत्यात का? पिझ्झावाला चपला घालून जिना चढतो, ह्याला काय रीत म्हणत्यात का? आपला मुलगा इथं जवळच वाकडला राहतो आणि भेटतो तो मोबाइलवरच, ह्याला काय रीत म्हणत्यात का? हे शेवटचं मात्र मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलंय.

मीही काही शांत बाई नाही. चाकणच्या कंपनीत दिवसभर सप्लायरांशी भांडून घरी येते, वर अण्णांचं ऐकून घेते. त्यामुळे आमचं बरं जमतं.

दुसऱ्या मजल्यावरचा सौरभ बेंगळुरूला गेला, तेव्हा मात्र अण्णा दिवसभर छाती काढून फिरत होते. सौरभनं कुंडी टाकली नव्हती. दोन्ही हातांनी अण्णांच्या हातात दिली होती. "अण्णा, परदेशी झाड आहे, शोभेचं. सांभाळा. मी येतो न्यायला." असं सांगून गेलेला हा पहिलाच भाडेकरू.

मग काय विचारता! सौरभला शेणखत, सौरभला आंबट ताक, सौरभला सकाळचं कोवळं ऊन. शेजारच्या कुलकर्ण्यांना दोन दिवस पाणी नाही, पण सौरभची पानं ओल्या फडक्यानं पुसलेली. झाड उंच होईना, पण आडवं असं माजलं की कुंडी दिसेनाशी झाली. पानं काळपट हिरवी, पंजाएवढी रुंद. थंडी पडली तशी त्यांच्या कडा जांभळ्या झाल्या आणि शेंड्यांना चिकट, गच्च तुरे आले. आणि वास! गच्चीवर वाळत घातलेले माझे कपडेसुद्धा असे दरवळले की कंपनीच्या बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

"अण्णा, ह्याचा वास येतो."

"वास न्हाई ताई. घमघमाट म्हना."

एका रविवारी हिंजवडीत फुटपाथवर टी-शर्ट लटकलेले पाहिले. एकाच्या छातीवर अण्णांचं पान! खालची अक्षरं वाचली आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मग जो संताप आला! त्या सौरभनं एका म्हाताऱ्याला फसवून शेणखत घालायला लावलं होतं. स्वतः बेंगळुरूला नामानिराळा, आणि माल अण्णांच्या गच्चीवर!

तशीच घरी येऊन सरळ गच्चीवर गेले. "अण्णा, हा गांजा आहे."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला गांजा दावता? ताई, आमच्या वढ्याच्या कडंला गोसाव्याचा मठ व्हता. तिथला गांजा म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय. पुरुषभर उंच, बारीक पानाचा, लवलवता. हे बुटकं बघा! हे पान बघा केवढं रुंद! ह्याला गांजा म्हनायचं, तर एरंडाला बी म्हना!"

मी मोबाइल काढला. एक जात उंच, सडपातळ असते आणि दुसरी डोंगराळ मुलखातली, बुटकी, रुंद पानाची. पोरं हल्ली या दुसरीचाच संकर लावतात, कारण तो खोलीत मावतो. हे सगळं मी वाचून दाखवलं. अण्णांनी मान फिरवली. "त्या डबड्यात काय बी दावत्यात."

"पोलीस आले तर झाड कुणाचं ते विचारणार नाहीत, गच्ची कुणाची ते विचारतील!"

"येऊ द्या. त्यांस्नी बी पान मोजून दावतो."

हा माणूस तुरुंगात जाणार आणि तिथंही पानाच्या रुंदीवरून भांडणार, याची मला खात्री पटली.

त्याच आठवड्यात गच्चीवर वर्दळ सुरू झाली. अण्णांना कधी साधा नमस्कार न करणारी खालच्या मजल्यावरची पोरं "पाणी आम्ही घालतो, अण्णा" म्हणत वर येऊ लागली. अण्णा हरखले. स्वतः चहा करून वर नेऊ लागले. मग एकानं लाडात येऊन विचारलं, "अण्णा, तुरे कधी काढायचे? आम्हालाही थोडं द्या की. एकदम कडक माल पिकवलाय, राव!"

अण्णा चहाचा ट्रे घेऊन तसेच खाली आले आणि माझ्या दारात उभे राहिले. "ताई, तुमचं खरं व्हतं," एवढंच म्हणाले.

झाड त्यांनी स्वतःच उपटलं. जाळायला निघाले होते, मी हात धरला. अख्खी मारुंजी झिंगली असती. शेवटी परसातल्या शेणाच्या खड्ड्यात तुकडे करून गाडलं. हातही न धुता ते म्हणाले, "लावा त्याला फोन."

मी याच क्षणाची वाट पाहत होते. सौरभचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि अण्णांचं संपलं की माझं काय काय सुनवायचं, ते मनात जुळवत उभी राहिले.

"सौरभ, बाळा, अण्णा बोलतोय. तुझं झाड गेलं रे. माझ्याच हातनं पानी जास्त झालं, मुळं कुजली. माफ कर मला. पर झाड न्हाई म्हणून येनं ऱ्हाऊ देऊ नकोस."

तिकडून सौरभ म्हणाला, "जाऊ द्या हो अण्णा, एवढं काय!" एवढं काय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन बंद झाल्यावर मी अण्णांवरच ओरडले, "अहो, त्याला फैलावर घ्यायचं सोडून माफी तुम्ही काय मागता?"

अण्णा नखांतली माती काढत होते.

"तो येतो म्हनलाय, ताई. मला समजलंय हे त्याला कळलं, तर लाजंनं यायचा न्हाई."