माझा सुशिक्षित हात

शिक्षणाने माणूस आयुष्यातल्या कोणत्याही प्रसंगाला तोंड देण्यास समर्थ होतो! हे वाक्य माझे आहे. वयाच्या सतराव्या वर्षी, अकोल्याच्या शाळेच्या बक्षीस समारंभात, मी ते छाती पुढे काढून म्हटले. टाळ्या पडल्या. त्यानंतर आठव्या दिवशी मी बाबांचे बैल विकले.

विकताना आपण विकतो आहोत, एवढे मात्र मला ठाऊक नव्हते.

हे आज आठवायचे कारण असे की, त्याच शाळेने यंदाच्या समारंभाला मला अध्यक्ष म्हणून बोलावले आहे. विषयही दिला आहे: ‘शालेय शिक्षण आणि पुढील आयुष्याची तयारी’. बोलावणाऱ्यांनी माझे पिकलेले केस पाहिले. बैलांची चौकशी केली नाही.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. त्यामुळे आमच्या वऱ्हाडी कापसाला असा भाव आला की, लोक उशा उसवायच्या बेतात होते. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात एकाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. शेजाऱ्याकडे बैल नव्हते, त्याने काठीला बसवल्या! अशा दिवसांत पोराला शाळेत ठेवणे म्हणजे भर पंगतीत बसून उपास धरण्यासारखे होते. पण माझी आई, मैनाबाई, हट्टाला पेटली होती. तिच्यामुळे मी चार वर्षे अकोल्यात हरिहरपंत मास्तरांकडे राहून शिकलो. पंतांच्या मते बाजार म्हणजे दुर्गुणांचे माहेरघर. म्हणून चार वर्षे त्याच गावात राहून मी मोर्णा नदीकाठचा बाजार पाहिला नव्हता. इंग्लंडातल्या नद्या मात्र उगमापासून पाठ होत्या.

समारंभाला आलेल्या गोऱ्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला, एक पुस्तक दिले आणि नारळ दिला. पंतांनी आधीच बजावले होते, “सभ्य गृहस्थाने हात पुढे केला की तो घट्ट धरावा, तीन वेळा हलवावा आणि नजर खाली करू नये. ढिला हात देणारा मनुष्य विश्वासास पात्र नसतो!” मी आठवडाभर खांबाशी सराव केला होता.

मी घरी आलो आणि नेमका बाबांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. कापसाची गाडी भरून उभी.

“तूच जाय अकोल्याले,” बाबा म्हणाले. “चार वर्सं शिकला ना? मंग एक गाडी कापूस इकून दाखव. संगं नत्थुजी हाय. नीट करून आला, तं मुंबईले जा पुढं शिकाले. नाई जमलं, तं उद्यापासून वखर धर.”

“जमंल त्याले!” आई आतून म्हणाली. “माह्या लेकाले सारी दुनिया पाठ हाय!”

“दुनिया पाठ हाय, पन बैल माहे हायेत,” बाबा म्हणाले. “चांद्या-गेंद्याले काई झालं, तं याद राख.”

चांद्या आणि गेंद्या ही जोडी आईने वासरे असल्यापासून भाकरी चारून वाढवली होती. मी शाळेत गेल्यावर माझ्या वाटणीची भाकरीही त्यांना मिळू लागली. त्यामुळे ते माझ्याकडे पाहत, ते कृतज्ञतेने पाहतात की, हा कशाला परत आला म्हणून पाहतात, हे मला कधी कळले नाही.

नत्थुजी आमचा सालगडी. वीस वर्षे बाबांच्या मागे उभा राहून त्याने प्रत्येक बाजार पाहिला होता. वाटेत मी त्याला टेम्स नदीची माहिती दिली. तो दोन कोस ऐकत होता. मग म्हणाला, “लहान मालक, थे नदी आपल्या वाटंत लागते काय?”

“नाही.”

“मंग राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला पोचलो. नदीकाठी बाजार भरला होता. नत्थुजीने गाडी कापसाच्या रांगेत लावली. ऊन डोक्यावर येत होते.

“मी कडबा घेऊन येतो,” तो म्हणाला. “दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. येक, गाडी हितून हालवू नोका. दोन, कोनाच्या हातात हात देऊ नोका.”

दुसरी सूचना ऐकून मला त्याची कीव आली. बिचारा! शिष्टाचार कशाशी खातात हे त्याला कुठून ठाऊक असणार!

पहिली सूचना मी ऊन लागेपर्यंत पाळली. पन्नास पावलांवर एक भला मोठा कडुनिंब होता. त्याच्या गार सावलीत पुष्कळ बैल रवंथ करत उभे होते. आमच्या बैलांनाही चार समवयस्क भेटतील, या विचाराने मी गाडी तिकडे नेली. निंबाच्या अलीकडे कापूस आणि पलीकडे गुरे, असा त्या बाजाराचा नियम होता. पलीकडे जे जनावर उभे राहील ते विकायला आले, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण ते शाळेत गेलेले नव्हते.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आले. मोठे पागोटे, खांद्यावर उपरणे. हे शालिकराम, गुरांचे दलाल. त्यांनी चांद्याचे दात पाहिले, गेंद्याची शेपटी उचलली, आणि मग माझ्याकडे पाहून मंद हसले. काही न बोलता त्यांनी उजवा हात पुढे केला आणि वर उपरणे टाकले.

उपरणे कशाला, हे मला कळेना. बहुधा ऊन लागू नये म्हणून असावे. मी उपरण्याखाली हात घातला. त्यांनी माझी बोटे दाबली. मी त्यांचा आख्खा पंजा धरला, घट्ट आवळला, तीन वेळा हलवला आणि नजर खाली केली नाही!

शालिकरामांचे डोळे एवढे मोठे झाले. खात्री करून घ्यायला त्यांनी पुन्हा बोटे दाबली. मी पुन्हा तीन वेळा हलवला. पंतांची आठवण झाली. डोळे भरून आले.

“वा!” शालिकराम एवढेच म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला!

आठ दिवसांत दुसरा सत्कार! माझी कीर्ती बाजारापर्यंत पोचली होती तर! पुस्तक दिले नाही, एवढीच उणीव. मग दोन माणसे आली आणि गाडीचे जू उतरवून बैल घेऊन नदीकडे निघाली.

“पाणी पाजायला का?” मी विचारले.

“हो, पानीबी पाजू,” त्यातला एक म्हणाला.

किती सेवाभावी गाव! माझे मन भरून आले. शेजारीच एक म्हातारा उकिडवा बसून हे सगळे पाहत होता. त्याने उठून माझ्यापुढे हात केला. वर धडुते टाकले. माझे अभिनंदन करतोय बिचारा! मी त्याचा हात घट्ट धरून तीन वेळा हलवला. म्हातारा गरीब दिसत होता, म्हणून तो नारळही त्यालाच देऊन टाकला. त्याने नारळ कपाळाला लावला, कानाशी हलवून पाहिला, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने निघून गेला.

नत्थुजी कडबा घेऊन आला तेव्हा मी सावलीत बसलो होतो. जू जमिनीवर होते. गाडीच्या चाकाला एक रेडा बांधलेला होता.

नत्थुजीने कडबा हळूच खाली ठेवला.

“बैल कोठी हायेत?”

“पाणी प्यायला नेलेत.”

“कोनं?”

“दोन सद्गृहस्थांनी.”

“अन् हा रेडा?”

“कोणीतरी विसरून गेलेला दिसतो.”

रेड्याचा एक डोळा पांढरा होता. उरलेल्या डोळ्याने तो नत्थुजीकडे पाहत होता. नत्थुजी माझ्याकडे पाहत होता.

“लहान मालक, हात देल्ला काय?”

“दिला.”

“किती जनाले?”

“दोघांनाच.”

“हालवला?”

“तीन वेळा,” मी अभिमानाने म्हणालो. “पहिल्याला सहा. त्यांनी नारळ दिला, तो मी दुसऱ्या गरीब म्हाताऱ्याला देऊन टाकला.”

नत्थुजी मटकन खाली बसला. “बाप्पा रे! अवो, बजारात भाव तोंडानं बोलत नाईत, फडक्याखाली बोटानं बोलतेत! हात हालवला म्हंजे सवदा पक्का! येक खेप हालवला तं मानूस माघार घेत नाई. तुमी सहा खेपा हालवला! माह्या जिंदगीत कोनं तीन खेपा हालवला नाई! बैल इकले तुमी! पैसे सांजंले मिळतेत, नारळ म्हंजे सवद्याची खूण! अन् नारळ देऊन हा रेडा घेतला! तीन वर्सांपासून थो म्हातारा याले हर बजारी आनते. कोनी याच्या सावलीले उभं राहत नाई!”

आई डोळ्यांपुढे आली. हातात भाकरी घेऊन ती गोठ्यात उभी होती, आणि गोठ्यात हा रेडा होता.

आम्ही धावलो. बैल नदीच्या उतारावर उभे होते आणि त्यांचा नवा मालक त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होता. हे रामराव पाटील, वरूडकडचे. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्यापुढे मी आयुष्यातले दुसरे भाषण केले. अज्ञानाने झालेला करार हा करार नव्हे, असे मी सिद्ध करत आणले.

“थांब बे,” रामराव म्हणाले. “शिकतो काय तू?”

“हो. चार वर्षे.”

“मंग हात कसा द्याचा, हे नाई शिकवलं?”

“शिकवलं. म्हणूनच हे झालं.”

“अन् काय शिकवलं?”

“इंग्लंडातल्या नद्या.”

रामराव दगडावर बसले. आजूबाजूचे चार जण जवळ आले. “सांग बरं येखांदी.”

मी टेम्स सांगितली. उगमापासून मुखापर्यंत.

“मोर्णेपेक्षा मोठी हाय?”

“पुष्कळ.”

“थितं बैल धुतेत?”

“नकाशात दाखवलेले नव्हते.”

“तिकडची नदी मालूम हाय, अन् बापाचे बैल कोठी उभे कराचे थे मालूम नाई,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. “आयक. पोराच्या चुकीनं आलेले बैल मले नाई पाह्यजे. पन बजारात हातानं केलेला सवदा तोंडानं मोडत नाई. हातानंच मोडा लागते. फडक्याखाली बस, ज्या भावात देल्ले त्याच भावात परत माग. येक बोट चुकलं, तं बैल माहे.”

“मी बसतो,” नत्थुजी म्हणाला.

“नाई. मालकाचाच हात लागते.”

मग त्या कडुनिंबाखाली माझे खरे शिक्षण सुरू झाले! बोट धरले की काय, दोन धरली की काय, तळहातावर टिचकी मारली की काय, मनगट दाबले की “कबूल” कसे, हे सगळे नत्थुजीने पाऊण तासात शिकवले. पंत निदान छडी दाखवून मारत. नत्थुजी फडक्याखाली बोट पिरगाळी, त्यामुळे पुढचे कोणते बोट, हे कळतही नसे.

“चुकलं! पुन्हा!”

“नत्थुजी, दुखतं.”

“दुखंल तं याद राहीन. पुन्हा! अन् शेवटी काय कराचं नाई?”

“हात हलवायचा नाही.”

“किती खेपा?”

“एकदाही नाही! हलवला तर बैल पुन्हा विकले!”

परीक्षेला तीस-चाळीस माणसे जमली. बक्षीस समारंभाला एवढी नव्हती. रामरावांनी उपरणे टाकले. त्यांचा हात उखळासारखा. त्यांनी मुद्दाम चुकीचे बोट दाबले. मी हात मागे ओढला. त्यांनी दुसरे दाबले. मी पुन्हा ओढला. मग मी माझी मागणी घातली, शालिकरामांनी सकाळी दाबली होती तशीच: दोन बोटे, टिचकी, एक बोट. त्यांचा हात थांबला. पलीकडे चांद्याने शेपटी मारली तेवढा आवाज झाला. आणि माझे मनगट दाबले गेले.

कबूल!

इतका आनंद झाला की, माझा हात आपोआप आवळला गेला आणि वर जाऊ लागला...

“सोडा!!” नत्थुजी असा ओरडला की नदीपलीकडच्या जुन्या शहरातली कुत्री भुंकू लागली. मी हात सोडला आणि दोन्ही हात जोडले.

“नारळ?” शालिकराम म्हणाले. सौदा मोडला की नारळ परत द्यावा लागतो.

“नारळ त्या म्हाताऱ्याला दिला,” मी म्हणालो. “त्याच्या बदल्यात हा रेडा चालेल?”

शालिकरामांनी रेड्याकडे पाहिले. “नारळ राहू द्या,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. पुढे चांद्या-गेंद्या, मागे रेडा. आई भाकरी घेऊन आली, बैलांच्या गळ्यात पडली, आणि मग तिने गाडीकडे पाहिले.

“चंद्रभान, अन् कापूस?”

मी वळून पाहिले. नत्थुजीनेही वळून पाहिले. गाडी जशी भरून नेली होती तशीच होती. त्या गडबडीत आम्ही दोघेही कापूस विकायला विसरलो होतो!

नत्थुजीने सगळे सांगितले. एक खेपही कमी केली नाही. बाबा लंगडत उठले, रेड्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या पांढऱ्या डोळ्यात पाहिले. वखर मला ओसरीवरून दिसत होता.

“मैना,” बाबा शेवटी म्हणाले, “याले मुंबईले धाड शिकाले.”

आईचा चेहरा उजळला. “मी म्हनत नव्हती? हुशार हाय म्हनून!”

“हुशार नाई. हा घरी राह्यला, तं पुढच्या बजारी वावर इकून येईन. अन् बदल्यात हत्ती आनंन.”

अशा रीतीने माझे उच्च शिक्षण झाले. रेड्याचे नाव बाबांनी ‘बक्षीस’ ठेवले. तो नऊ वर्षे जगला, वखराला चांगला चालला, आणि मी सुटीत घरी आलो की बाबा दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणत, “नारळ वाया नाई गेला.”

तेव्हा मी समारंभाला अवश्य येईन. शिक्षणाने माणूस कोणत्याही प्रसंगाला तोंड देण्यास समर्थ होतो, हेच सांगेन. एवढ्या वर्षांत दुसरे वाक्य सुचलेले नाही. हेडमास्तरांना फक्त एक विनंती. भाषणानंतर आभार तोंडीच मानावेत. हात पुढे करू नये, नारळ देऊ नये.

मी गाडीने येणार आहे, आणि बैल बाहेर उभे असतील.