रद्द गोलाची बक्षिसी

महफूजाखाला पोराची मॅच कधी बघत नसत. त्यांनी टीव्हीकडे नुसतं पाहिलं तरी एल्मुरोदचा चेंडू खांबाला लागतो, असं मरगिलानमधला अख्खा मोहल्ला म्हणायचा. आघाडीचा खेळाडू असून पोराने मोसमभर एक गोल केला नव्हता. आज झाला तर क्लब नवा करार करणार, नाही तर पोरगं मामाच्या भट्टीवर नान थापायला. मामाने तर त्याच्या मापाचा एप्रनही आणून ठेवला होता.

म्हणून सगळे तुर्गुनच्या चहाखान्यात टीव्हीसमोर, आणि खाला घराच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून पुलावाची गाजरं चिरत होत्या. तेवढ्यात तिकडून मोठी आरोळी उठली. पाठोपाठ शेजारची सानोबार एका पायात चप्पल घालून धावत आली.

"खाला, सुयुंची काढा. पोरानं गोल मारला."

चांगली बातमी आणणाऱ्याला सुयुंची म्हणजे बक्षिसी द्यावीच लागते, आणि रुमालावर भागवणाऱ्या बायकांतल्या खाला नव्हत्या. त्यांनी पेटीतलं कोरं रेशीम काढून सानोबारच्या हातात ठेवलं. ती जाते न जाते तोच तुर्गुन दारात.

"सुयुंची, खाला."

"ती सांगून गेली की."

"तिनं नुसता गोल सांगितला. डोक्यानं मारला, हे मी सांगतोय."

तुर्गुन कोंबडा घेऊन गेला. मग मोहल्ल्याचे वडीलधारे हमदमबोबो काठी टेकत, धापा टाकत आले. "गोलकीपर आडवा पडला, पोरी," एवढंच ते बोलले. वडीलधाऱ्या माणसाला कोंबड्याहून कमी कसं द्यायचं? खालांनी एल्मुरोदच्या लग्नासाठी शिवलेला जरीचा लांब अंगरखा, चपान, त्यांच्या खांद्यावर घातला.

त्यानंतर कोणी फिरकलंच नाही. चहाखानाही गप्प. खालांना संशय आला. हातातल्या सुरीसकट त्या तिथे पोचल्या. सगळे आपापल्या पेल्यात बघत होते.

"काय झालं?"

"गोल मागे घेतला," हमदमबोबो म्हणाले. "पंचांनी टीव्हीत पुन्हा पुन्हा पाहिलं. ऑफसाइड निघाला. पोराचं नाक पुढं होतं."

"ते नाक माझ्या बापाचं आहे. पुढंच असतं. सरकारी फोटोत मावलं, मग यांना काय झालं?"

खालांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"बरं. गोल परत, तर माझ्या वस्तूपण परत."

"मी रेशमाला कात्री लावली, खाला," सानोबार म्हणाली.

"इतक्यात?"

"तुमचा विचार बदलायच्या आत लावली."

तुर्गुनने नुसतं चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केलं. राहिले हमदमबोबो. त्यांनी चपान घट्ट लपेटून घेतला.

"गोल रद्द झाला, बातमी नाही. मी सांगितली तेव्हा ती खरी होती."

"मग चपानही मी दिला तेव्हापुरताच तुमचा होता. आता काढा."

यावर जे भांडण जुंपलं त्यात टीव्हीकडे पाठ करून सगळेच बोलू लागले. मॅच कधी संपली, कोणाला कळलं नाही. खालांचा फोन वाजला.

"आई, सुयुंची दे. करार झाला."

सगळे भांडण सोडून फोनभोवती जमले.

"गोल तर गेला ना रे?"

"गेला. मग मी लाईनवरच्या पंचाशी भांडत भांडत आपल्याच गोलपर्यंत गेलो. तेवढ्यात त्यांचा चेंडू माझ्या पाठीत बसला आणि बाहेर गेला. आपण वाचलो. कोच म्हणतो, तुझी जागा इथंच होती. पुढच्या मोसमापासून गोल करायचे नाहीत, अडवायचे."

मोहल्ल्याला आघाडीचा खेळाडू देणाऱ्या खालांनी फोन कानापासून जरा बाजूला धरला. मग त्यांनी बोबोंना विचारलं, "अडवलेला गोल हे लोक रद्द करतात का हो?"

"जो झालाच नाही, तो रद्द कसा करणार?"

खालांनी ताठ मानेनं फोन पुन्हा कानाला लावला. "ऐकलंस? मग इतकी वर्षं पुढं कशाला धावत होतास? पहिल्यापासून मागं उभं राहायला काय झालं होतं?"

"आई, पण माझी सुयुंची?"

"आधी सहीची शाई वाळू दे," खाला म्हणाल्या, "मग बघू."