आत्ती दारात, देवक फरशीत

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमचा ऋतुराज शिंकला आणि मी ठरवलं, घरातली फरशी बदलायची.

एकच शिंक. दुसरी आलीच नाही. (मी वाट बघत बसले होते.) पण पोरगं नुकतं रांगायला लागलेलं, आमचं मंगळवार पेठेतलं घर अंधारं आणि खाली शहाबादी फरशी. शिवाय येत्या सोमवारपासून मला एका बुटीकमध्ये ब्लाउज शिवायचं काम लागलं होतं. लग्नानंतरचं पहिलं काम! बाळाला सांभाळायला गडहिंग्लजकडनं सासूबाई येणार होत्या. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती आल्या आणि पोरगं खोकत असलं, तर त्या त्याला काखेत मारून गावी जाणार, पोराविना माझा जीव राहणार नाही, मग काम सोडून मीही त्यांच्या मागं. हे सगळं मला त्या एका शिंकेत दिसलं.

"फरशीला काय झालंय?" आमचे हे म्हणाले. ह्यांचं नाव पृथ्वीराज, कामाला फौंड्रीत. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला गारठा काय कळणार?

"गार हाय."

"मग त्याला मोजं घाल की."

"मोजं खातोय त्यो!"

संध्याकाळी आम्ही लॅमिनेटच्या दुकानात.

दुकानदार बाळासो म्हणाले, "वैनी, ही फरशी गार पडत न्हाय. दिसतंय लाकूड, पण वर नुसता लाकडाचा फोटो हाय. त्याच्यावर पारदर्शक थर."

"पण खरं वाटलं पाहिजे," मी म्हटलं. (शेजारच्या राजनंदिनी वैनींनी महिन्यापूर्वी चकाचक टाइल्स घातल्यात. तेव्हापासून त्या आम्हाला पाय बघून घरात घेतात.)

पहिला नमुना काळपट. त्यावर मुंगी दिसली नसती आणि बाळानं ती खाल्ली असती. दुसऱ्यावर लाकडाच्या गाठी होत्या, त्या डोळ्यांसारख्या माझ्याकडंच बघत होत्या. तिसरा बरा होता, पण प्रत्येक पट्टीवर तीच गाठ, त्याच जागी. "असं कुठलं झाड असतंय?" मी विचारलं. बाळासोंनी तो गपकन पालथा घातला. चौथ्यावर मी डोळे मिटून हात फिरवला, नखानं खरवडलं, वास घेतला. शेवटी दुकानातच गाल टेकून आडवी झाले. हे बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. ओळख दाखवायची नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

पण तो चौथा! पिवळसर, चमक नाही, रेषा बारीक आणि बोटाला लागणाऱ्या, एक पट्टी दुसरीसारखी नाही. "सुताराला दाखवा, ओळखणार न्हाय," बाळासो म्हणाले.

शनिवारी फरशी बसली. लगेच राजनंदिनी वैनी आल्या. वाकून बघितलं.

"खरं लाकूड?"

"व्हय की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं गं?"

"गावाकडचं." (हे मी का म्हटलं, मला आजही माहीत नाही.)

रविवारी दुपारी आत्ती आल्या. हातात पिशवी, एक पाय घरात टाकायला उचललेला. तेवढ्यात वैनी त्यांच्या दारातनं ओरडल्या, "मावशी, बघून पाय ठेवा! खरं लाकूड हाय, तुमच्या गावाकडचं!"

उचललेला पाय होता तिथं परत गेला. आत्ती खाली बसल्या आणि उंबऱ्यावरनं वाकून बघू लागल्या.

"पिवळं हाय. रेषा बारीक हाय," त्या म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या. "बांधावरचा कळंब पडलाय, त्यो आणून अंथरलासा व्हय गं?"

कळंब आमचं देवक. आमच्यात लग्नाला आधी कळंबाची डहाळी पुजतात, मग नवरा-नवरी. त्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत, त्याला पाय लावत नाहीत. मागच्या पावसात बांधावरचा कळंब पडला, तर आत्ती त्याला वळसा घालून शेतात जातात.

"देवकावर संसार मांडलासा! मी न्हाय आत येत. चार वाजताची एसटी हाय."

आत ऋतुराज आजीकडं बघून हात हलवत होता. उद्या सोमवार. मी एकदा आत्तींकडं बघितलं, एकदा वैनींकडं. वैनी दारातनं हलायला तयार नव्हत्या.

"खोटं हाय, आत्ती," मी म्हटलं.

"काय?"

"खोटं हाय! लाकूड न्हाय!" आता अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "वर नुसता लाकडाचा फोटो हाय!"

वैनींच्या चेहऱ्यावर दिवाळी. पण आत्ती आणखी मागं सरकल्या.

"फोटो? देवकाचा फोटो काढून त्याच्यावर नाचालाय? तुझ्या सासऱ्याचा फोटो भिंतीला हाय, त्यो पण घाल की खाली!"

मी बाळासोंना फोन लावला, स्पीकरवर. "दादा, आमच्या फरशीवरचा फोटो कुठल्या झाडाचा?"

"तुम्हाला कुठल्या झाडाचा पाहिजे, वैनी?"

आत्तींनी फोन ओढून घेतला. "पावणं, खरं सांगा, कळंब हाय का ह्यो?"

"आजी, कळंब पाहिजे असंल तर कळंबच हाय की!"

आत्तींनी पिशवी उचलली.

"कळंब नको हाय!" मी किंचाळले. "सासूबाई चालल्या माझ्या!"

पलीकडनं आवाज आला, "आजी, खरं सांगतो. कुठलंच झाड न्हाय त्यात. कंपनीत कॉम्प्युटरवर रेषा मारत्यात. असलं झाड जगात उगवत न्हाय."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

आत्तींनी पदर खोचला आणि थेट आत येऊन ऋतुराजला उचललं. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय, खोटं हाय म्हणून? खोट्याला काय भ्यायचंय!"

मी भिंतीला टेकून बसले. काम वाचलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आत्ती बाळाला झोपवत होत्या. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घालायला ह्यांनी फरशीचा उरलेला तुकडा कापला आणि दिव्याखाली धरून बघितला.

"अनू, ह्यात लाकूडच हाय की गं! भुसा दाबून केलाय. खऱ्या लाकडाचा."

"कुठल्या लाकडाचा?"

"भुशाला काय नाव असतंय? घावंल त्या झाडाचा."

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. आयुष्यात एकदा ऐटीत सांगितलं की माझ्या घरात खरं लाकूड आहे. ते खरं निघालं, आणि आता कुणाला सांगता येत नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. पेठेत, एसटीत, जोतिबाच्या वाटेवर, कुणीही विचारलं किंवा नाही विचारलं, तरी सांगा की अनुजाच्या घरातली फरशी साफ खोटी आहे. गडहिंग्लजकडं तर दोनदा सांगा. राजनंदिनी वैनींना मात्र कुणी सांगू नका. त्यांनी रविवारपासूनच गल्लीभर सांगायला सुरुवात केली आहे.